डिझेलच्या नळीतली हवा

आलापल्ली
फेब्रुवारी २००२

प्रिय शाजिया,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर म्हणून फोनच करावा असं मनात होतं. बूथपर्यंत गेलेही. पण तिथे रांगेतली माणसं तोंडाकडे बघत उभी असतात आणि बूथवाला काचेआडून सगळं ऐकतो. मला जे सांगायचं आहे ते तसं उभ्याने सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. आपण घरात जे बोलतो ते मला लिहिता येत नाही, उर्दू कधी शिकले नाही. शाळेत शिकले ती मराठी. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून माझा हात तिलाच वळला आहे. हे पत्र अहवालासारखं वाटलं तर समजून घे.

इथे पानगळ चालू आहे. सागाची पानं अंगणात येऊन पडतात आणि पायाखाली वाजतात. तुझ्या अब्बांना त्या आवाजाने माणूस ओळखता येतो. कोण आलं, कुठून आलं, अनवाणी की चप्पल घालून. बापूराव आले की ते लांबूनच सांगतात, आले आपले फॉरेस्टगार्ड, रिटायर होऊनही बूट वाजवूनच चालते हा माणूस. म्हणजे सांगत असत. आता पानं वाजली तरी ते मान वळवत नाहीत.

जीप आंब्याखालीच उभी आहे. तुम्ही ईदला आलात तेव्हा होती तशीच. बॉनेट मात्र आता बंद आहे.

तू लहान असताना त्यांनी ती लिलावात घेतली होती. त्या वेळी ती पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. हिला डिझेल इंजिन बसवायचं, हे ते तेव्हापासून म्हणत आले. लोकांच्या जीपा, ट्रॅक्टर, धान मळायची यंत्रं दुरुस्त करता करता स्वतःच्या गाडीला हात लावायला त्यांना कधी सवड मिळाली नाही. सवड मिळाली ती डोळे गेल्यावर.

डोळ्यांचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण हल्ली मी तेच आठवत बसते. आधी त्यांना बल्बभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. मग बाजूचं दिसेना. समोरचा नट दिसायचा, शेजारी ठेवलेला पाना दिसायचा नाही. ज्याने त्याने सांगितलं, मोतीबिंदू आहे, घाई करू नका, पिकू द्या. बापूरावांचा पिकल्यावर काढला होता, त्यांना आता घड्याळाचा काटाही दिसतो. चामोर्शीच्या मावशींचा असाच. कच्चा काढला तर डोळा जातो, असं इथे कोणालाही विचारलं तरी सांगतील. आपणही थांबलो. तूही म्हणालीस थांबा, मीही म्हणाले. हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, अजून थोडा पिकू दे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळंच पिकलं. नागपूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हा मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू आहे. हा पिकत नसतो. हा नुसता खात जातो. गेलेलं परत येणार नाही. येताना बसमध्ये ते बल्लारपूर मागे पडल्यावर म्हणाले, आंबा असता तर खाल्ला तरी असता.

त्यानंतर त्यांनी भंगारातल्या मेटाडोरचं इंजिन आणवलं. मला वाटलं, बरं झालं, हाताला काम राहील. गोणपाटावर नट खोलायचे पाने आकाराने मांडून ठेवायचे, डावीकडे लहान, उजवीकडे मोठे. कोणी एक जरी हलवला तर ओरडायचे. जुनं इंजिन त्यांनी बोटांनी उघडलं. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून ते वर उचललं तेव्हा साखळी ओढायला चार माणसं होती, पण कुठे थांबायचं ते हेच सांगत होते. नवं इंजिन लांब निघालं, रेडिएटर पुढे सरकवावा लागला. जड निघालं, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. गिअरबॉक्सला जोडायची पट्टी चंद्रपूरहून करून आणली, तिची भोकं जुळली नाहीत, परत पाठवली. वेल्डर अहेरीचा. त्याने टाका मारला की हे तिथून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, हा टाका आहे का गोवरी थापली तू? पुन्हा मार. बापूराव खुर्ची टाकून बघत बसायचे. वहाबभाऊ, जीप बनवून राह्यले का लोणचं मुरवून राह्यले, किती वर्षं लागते? हे म्हणायचे, तुम्ही जंगल राखलं तेवढी नाई लागत, आणि तुम्ही राखलेलं जंगल कुठी गेलं ते आधी सांगा. दोघं हसायचे. शाजिया, त्या दिवसांत मी स्वयंपाकघरातून तो हसण्याचा आवाज ऐकत होते आणि मला वाटत होतं, आपलं सगळंच काही गेलेलं नाही.

मग न्हाणीची भिंत पडली. सावली सरकली म्हणून त्यांनी जीप स्वतःच थोडी मागे घेतली. माणसं ढकलत होती, स्टेअरिंगवर हे. ब्रेकला पाय पोचायच्या आधी भिंत आली. आत कोणी नव्हतं, एवढंच. तू तेव्हा इथेच होतीस. विटा उचलताना आपण एकमेकींकडे बघितलं होतं.

आणि नंतर ईद. जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की इंजिन बसलं, आता पहिला फेरा मीच मारीन, सिरोंचा रोडनं. तो रस्ता माझ्या पायाले पाठ आहे. मुबीन म्हणाला, अब्बा, मी बाजूले बसतो. ते म्हणाले, तू मागं बस, बाजूले तुझी सासू बसन, तिले आजवर कोणं फिरवली आहे? सगळे हसले. मीही हसले. पण रात्रीची भांडी घासताना मला दुसरं काही दिसेना. तो रस्ता, बाजाराला निघालेली माणसं, शाळेतून सुटलेली मुलं, आणि हे स्टेअरिंग धरून ताठ बसलेले.

दुसऱ्या दिवशी काय ठरलं ते तुला वेगळं सांगायला नको. मुबीनने मला बॉनेटखाली दाखवलं, टाकीकडून येणारी नळी पंपाला कुठे जोडलेली आहे ते. त्याने सांगितलं की हा नट जरासा सैल केला तर डिझेल सांडत नाही, बाहेर काही दिसत नाही, नुसती हवा आत जाते. डिझेल गाडीला हवा म्हणजे विष. चालू होईल, थोडी चालेल, बंद पडेल. थोडी हवा द्यायची अम्मी, बस, असं म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तुझ्याही नव्हतं. त्यांना नाही म्हणायची हिंमत तिघांपैकी कोणातच नव्हती. नाही म्हणायचं काम आपण एका नटावर सोपवलं.

दुपारच्या नमाजाला बापूराव त्यांना मशिदीच्या दारापर्यंत सोडतात आणि समोरच्या टपरीवर चहा पीत थांबतात. तेवढ्या वेळात मी ते करत असे. गोणपाटावरून पाना उचलायचा, नट सैल करायचा, पाना पुसून त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवायचा. मग हात राखेने, साबणाने, लिंबाने धुवायचे. तरी एकदा जेवताना ते थांबले आणि ताट हुंगून म्हणाले, ताटाले डिझेलचा वास येऊन राह्यला. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, माझेच हात. उठून पुन्हा धुऊन आले.

सुरुवातीला त्यांना त्यात मजा वाटली. इंजिन चालू व्हायचं, खोकायचं, बंद पडायचं. कुठून तरी हवा धरून राह्यली, म्हणायचे, थांब, सापडते मले. तांब्याचे वॉशर बदलले. नळी बदलली. पंप उघडून पुन्हा बसवला. सांध्यांना साबणाचा फेस लावून कान जवळ नेऊन ऐकत बसायचे. बापूराव म्हणाले, भाऊ, भुतानं धरली असन तुमची गाडी. हे म्हणाले, भूत असतं तर आवाज केला असता.

मग त्यांना तो नट सैल सापडायला लागला. सापडणारच होता. पहिल्या वेळी म्हणाले, थरथरीनं ढिला झाला. आवळला. पुन्हा सैल. खाली स्प्रिंगचं वॉशर घातलं. पुन्हा सैल. आट्यांवर सूत गुंडाळून आवळला. त्या दिवशी मी हात लावणार नव्हते, शाजिया. पण सकाळीच त्यांनी माझ्याकडून चाकांत हवा भरून घेतली होती आणि सीट पुढे सरकवून घेतली होती. मी लावला.

संध्याकाळी त्यांनी बोट लावून बघितलं. मग मला हाक मारली. जमीला, काल मी हा आवळला होता का? तू इथीच तांदूळ निवडत होतीस. पाहिलं असशीन. मी म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, मले तर वाटते आवळला होता. मग म्हणाले, नसन आवळला.

आपण हे बोललो नव्हतो. आपण गाडी बंद पाडायचं ठरवलं होतं. त्यांचं काय होईल ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोळे गेल्यावर त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हाताने केलेलं काम केलेलंच राहतं ही खात्री. ती मी रोज दुपारी जराशी सैल करत होते.

ते पसरत गेलं. दाराची कडी लावून परत यायचे आणि पुन्हा जाऊन चाचपायचे. नमाजाआधी वजू झालं की नाही हे आठवत नाही म्हणून पुन्हा करायचे. थंडीत कोपरांपर्यंत ओले, आणि तिसऱ्यांदा हौदाकडे निघालेले. नमाजात मध्येच अडकायचे. पुढची रकात कितवी, ते कळेना. एक दिवस मशिदीतून लवकर परत आले आणि बापूरावांना म्हणाले, उद्यापासून घरीच पढीन, तिथी लोकं मागं खोळंबतात. गोंडपिपरीकडून एकजण फवारणीचा पंप घेऊन आला होता, पूर्वी यायचा तसा. त्याला म्हणाले, दुसऱ्याकडे ने भाऊ, माझा हात गेला. तो म्हणाला, डोळे गेले म्हणा, हात कुठं गेला? हे म्हणाले, तुले काय माहीत.

मी तेव्हाच थांबले. तुला कळवलं नाही. नट मीच आवळून ठेवला, पण ते आता जीपजवळ जातच नव्हते. मी म्हणाले, आज बघा ना चालू करून. ते म्हणाले, काऊन, कशाले? तेवढंच.

मागच्या आठवड्यात त्यांनी गोणपाटावरचे पाने एकेक करून पोत्यात भरले. बापूरावांना म्हणाले, तुमच्या भाच्यानं गॅरेज टाकलं ना चामोर्शीले, त्याले देऊन द्या. बापूराव म्हणाले, येडे झाले का वहाबभाऊ? पोतं उचलायला बापूराव खाली वाकले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी पदराला हात पुसले आणि तिथेच, बापूरावांसमोर, सांगून टाकलं. तुमचा हात गेलेला नाही. नट तुम्ही दर वेळी आवळला होता. मी तो सैल करत होते. तुम्ही गाडी रस्त्यावर नेऊ नये म्हणून.

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, चौदा नंबरचा दे. मी पोत्यातून काढून दिला. त्यांनी नट तपासला. आवळलेलाच होता. पंपाच्या दांडीने नळीतली हवा काढली, चाचपत जाऊन सीटवर बसले आणि चालू केली. ती लागली. शाजिया, ती इतकी नीट लागली की बापूरावांनी टाळी वाजवली आणि मग त्यांचे हात तसेच हवेत राहिले. हे उतरले. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी एकेक जागा ऐकली. पुढून, बाजूने, खाली वाकून. खूप वेळ. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तार ओढून बंद केली.

म्हणाले, मी चालवणार होतो असं वाटलं तुले? मी म्हणाले, तुम्हीच म्हणाला होता, ईदला. ते म्हणाले, ईदले माणूस काहीबी म्हणते. मले तिचा आवाज आयकाचा होता. मंग मुबीनले देऊन टाकली असती. लोकाची गाडी चालवते तो.

हे खरं होतं की त्या क्षणी सुचलं, मला सांगता येत नाही. सीट त्यांनी स्वतःच्या पायांना पुरेल एवढी पुढे घेतली होती, मुबीनच्या नाही. पण माणूस दोन्ही मनात धरून असू शकतो. मी विचारलं नाही. आता विचारलं तर जे उत्तर मिळेल ते नुसतं सभ्यपणाचं असेल.

कारण ते आता माझ्याशी सभ्यपणाने वागतात. रागावत नाहीत. चहा दिला की धन्यवाद म्हणावं तसं मान हलवतात आणि कप आधी नाकाशी नेतात. भात बोटांनी चाचपून मग घास घेतात. पाण्यासाठी बाहेर निघाले की माझा हात धरत नाहीत, भिंत धरून जातात. भिंत जिथे संपते तिथे क्षणभर थांबतात. मी पुढे होते, पानं वाजतात, आणि ते म्हणतात, राहू दे. मी कपड्यांचा रंग सांगितला तर हं म्हणतात. आज आकाश भरलंय म्हणाले तर बाहेर जाऊन हात पुढे करून उभे राहतात. ज्या माणसाने मला इतकी वर्षं एकदाही खोटी म्हटलं नाही, तो आता मी बोललेलं प्रत्येक वाक्य हाताने तपासतो. आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

हे मी सहन करीन. पण नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब ते माझ्याकडून घालून घेत नाहीत. उजव्या डोळ्याने अजून खिडकी आणि भिंत वेगळी कळते, तेवढी राहावी म्हणून ते थेंब आहेत. रोज घातले नाहीत तर तेही जाईल. मी बाटली घेऊन जवळ गेले की ते हात आडवा धरतात. बाटली हातात घेतात, हलवतात, हुंगतात, परत देतात. काय आहे त्यात, असं विचारतही नाहीत. त्यांना स्वतःला घालता येत नाहीत, सगळे गालावर जातात. बापूरावांचा हात थरथरतो. काल सकाळी खिडकी उघडली तेव्हा त्यांनी मान त्या बाजूला वळवायला थोडा वेळ लावला.

म्हणून तू ये. मुबीनला घेऊन ये, जमेल तितके दिवस राहा. तुझ्या हाताने घालून घेतील. पण येण्याआधी हे नीट ध्यानात घे, याचसाठी मी एवढं लिहिलं. त्या दिवशी गाडी बंद केल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं. शाजियाले माहीत होतं? मी म्हणाले, नाही. मुबीनले? मी म्हणाले, नाही. मंग हवा द्याचं तुले शिकवलं कोणं? मी म्हणाले, तुमच्याच जवळ बसून इतकी वर्षं बघत आले, तुमच्याकडूनच शिकले. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं आणि म्हणाले, चांगली शिकली. त्यांनी ते मानलं, शाजिया. ते तसंच राहू दे. मुबीनलाही बजाव, तो मनाचा मोकळा आहे, त्याच्या तोंडून निघून जाईल. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. इथे आल्यावर त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका. आणि मग त्यांच्यासमोर माझ्यावर रागाव. अम्मी, तू असं करूच कशी शकलीस, असं मोठ्याने म्हण, त्यांना नीट ऐकू जाईल असं. खोटं वाटेल असं नको, मनापासून रागाव. मी उत्तर देणार नाही. मग बाटली घे आणि त्यांना म्हण, अब्बा, मान वर करा.

तुझीच,
अम्मी